मोठी क्रॅपी लागली: ठेवायची की सोडायची?

(टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावावर आमच्या बोटीने येणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठी)

नमस्कार. क्रॅपी म्हणजे इथला गोड्या पाण्यातला, खायला चविष्ट मासा. मोठी लागली की ठेवायची की सोडायची, हा प्रश्न बोटीवर जवळजवळ रोज निघतो, आणि निघतो तो मासा हातात तडफडत असताना. तेव्हा विचार करायला सवड नसते, एकीकडे फोटो चाललेला असतो, दुसरीकडे मुलं ओरडत असतात. म्हणून डलासहून निघायच्या आदल्या रात्रीच घरातल्या सगळ्यांनी हे वाचून ठेवा.

आधी कायदा, कारण तिथे आमचं-तुमचं मत चालत नाही. टेक्सासमध्ये क्रॅपी ठेवायची तर ती किमान 10 इंच हवी. काळी आणि पांढरी अशा दोन्ही जातींच्या क्रॅपी मिळून माणशी दिवसाला 25. माप तोंडाच्या टोकापासून, शेपटीची दोन्ही टोकं जुळवून घ्यायचं. मोजपट्टी बोटीवर आहे. 17 वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. भारतातून आलेल्या आईबाबांना मात्र गळ हातात धरायचा असेल तर लागतो. नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे येण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर एकदा नजर टाका.

आता हिवाळा. 1 डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत लेक फोर्कवर लांबीची अट उठते आणि पकडलेली प्रत्येक क्रॅपी ठेवावीच लागते. लहान असो, मोठी असो, पाण्यात परत सोडायची नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो. मासा सोडणं म्हणजे पुण्याचं काम, त्याला मनाई कशी?

कारण क्रॅपीच्या पोटात आहे. तिथे हवेची एक पिशवी असते, तिच्या जोरावर मासा पाण्यात तरंगून राहतो. काही माशांना ती हवा तोंडावाटे पटकन सोडता येते. क्रॅपीला येत नाही, तिची हवा रक्तातून हळूहळूच कमी-जास्त होते. थंडीत हे मासे खोल पाण्यात जमतात. तिथून आपण तिला काही सेकंदांत वर ओढतो, पाण्याचा दाब एकदम उतरतो आणि पिशवी फुग्यासारखी फुगते. डोळे बाहेर येतात, कधी जठर उलटून तोंडात दिसतं. अशी क्रॅपी सोडली तरी बहुतेक वेळा वाचत नाही.

आम्ही हे धंद्याच्या पहिल्या वर्षी शिकलो. दुसऱ्या एका तलावावर खोलातून 15 इंची मादी आली होती. पाहुण्यांनी मोठ्या मनाने सोडली, बोटीवर टाळ्या वाजल्या. तासाभराने त्याच जागेवरून परतताना ती पाण्यावर आडवी तरंगत होती आणि एक सीगल तिचे डोळे टोचत होता. ज्या काकांनी सोडली ते किनाऱ्याला लागेपर्यंत बोलले नाहीत. त्या दिवसापासून आम्ही मासा किती मोठा हे नंतर बघतो. तो किती खोलातून आला, हे आधी.

म्हणून वर्षाचे उरलेले महिनेही आमच्या बोटीवर रीत हीच: मासा 25 फुटांपेक्षा खोलातून आला आणि मापात बसला, तर तो ठेवायचा. मापातल्या माशाच्या कल्ल्यांतून रक्त येत असेल तरी ठेवायचा. आणि घरी लागतील तेवढे झाले की खोल पाण्यातली मासेमारी थांबवायची. वर आणून सोडत बसायचं नाही. यासाठी आम्ही निघतानाच विचारतो, किती हवेत? चौघांच्या घराला दोन वेळच्या जेवणासाठी दहा-बारा मासे भरपूर होतात. 25 ही कायद्याची कमाल मर्यादा आहे, तेवढे न्यायलाच हवेत असं नाही.

वसंतातला प्रश्न वेगळा. पाणी साधारण 60 ते 68 फॅरनहाइटवर आलं की क्रॅपी अंडी घालायला उथळ पाण्यात येते. इथून सोडलेला मासा चांगला जगतो, म्हणजे निवड खरोखर आपल्या हातात असते. याच दिवसांत माद्या गाभोळीने भरलेल्या असतात आणि आपल्या लोकांचा जीव गाभोळीवर. मालवणच्या एका आजींनी मादी हातात घेऊन नुसतं पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "भरलीय हो, सोडू नको रे!" आम्ही सोडली नाही. एखाद्या भरल्या मादीने एवढ्या मोठ्या तलावाचं काही बिघडत नाही. क्रॅपीची किती पिल्लं तगतील हे माद्यांच्या संख्येपेक्षा त्या वर्षीच्या पाण्यावर जास्त ठरतं. एखाद्या वर्षी अमाप पिल्लं, मग दोन वर्षं जेमतेम.

आईची काळजी सगळे करतात, बापाकडे कोणाचं लक्ष जात नाही. घरटं नर करतो, अंड्यांवर पहाराही तोच देतो. त्या दिवसांत तो काळाकुट्ट दिसतो. त्याला उचललं की ब्लूगिलसारखे मासे अंडी फस्त करतात. काठालगत असा काळा नर लागला तर आम्ही सोडायला सांगतो, आणि त्याच जागी पटकन.

"इथे मोठा बास (गळाने पकडायचा दुसरा एक मासा) सोडतात, मग क्रॅपीला वेगळा न्याय का?" हेही विचारलं जातं. लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास सोडावाच लागतो. 1992 साली टेक्सासचा विक्रमी 18.18 पौंडांचा बास याच तलावात मिळाला. बास बरीच वर्षं जगतो आणि वाढत राहतो. बहुतेक क्रॅपी पाच-सहा वर्षांत आपोआपच संपतात. आज सोडलेली 14 इंची पुढच्या वर्षी दुप्पट होऊन भेटेल, ही आशा बाळगू नका.

तरीही हिवाळ्याचे ते तीन महिने सोडून उथळ पाण्यातली, धडधाकट, 14 इंचांवरची क्रॅपी सोडा, असंच आमचं सांगणं आहे. समोरच्या पाण्यातले मासे दाखवणारे सोनार आल्यापासून बोटीवरचा माणूस पडद्यावर मोठा मासा निवडून त्याच्याच तोंडापुढे जिग (गळाचं वजनदार आमिष) नेतो. पूर्वी मोठ्या माशाला लपायला बुडालेल्या झाडांचा आसरा पुरायचा, आता पुरत नाही. आणि चवीला 11 इंची कुठे कमी नाही.

सोडायची ठरली तर हात ओले करा. ओठ कागदासारखे पातळ असतात, ओढाताण केली की फाटतात. एकच फोटो, मग पाणी. बादलीत ठेवून नंतर बघू, असं नको; उन्हाळ्यात तर मुळीच नको.

मित्राच्या शेततळ्यावर जाणार असाल तर हे सगळं विसरा. लहान तळ्यात क्रॅपींची संख्या भराभर वाढते, खाणं पुरत नाही आणि सगळ्या बोटाएवढ्याच राहतात. तळ्याच्या मालकाची ना नसेल तर तिथल्या छोट्या क्रॅपी जेवढ्या काढाल तेवढ्या बऱ्या.

ठेवलेला मासा लगेच बर्फात जातो. साफ करणं किनाऱ्यावर आल्यावर, ते आम्ही करून देतो. गाभोळी हवी असेल तर सुरी लावण्याआधी सांगा. मोठीचा काप जाड असतो, रव्यात तळताना बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो, तेव्हा त्याचे उभे दोन करा. हळद-मीठ घरी गेल्यावर लावा, वाटेत पाणी सुटतं. बर्फाची एक पिशवी डलासपर्यंत पुरते, ती आमच्याकडेच मिळेल.