नियतिवाद (आजीवक)

प्राण्यांचे सुखदुःख, त्यांचे अधःपतन आणि त्यांची मुक्ती हे सर्व नियतीने ठरलेले असते, पुरुषप्रयत्नाने त्यात तिळमात्र फरक पडत नाही, असे आजीवक या प्राचीन भारतीय श्रमण संप्रदायाचे मत. त्याचा मुख्य पुरस्कर्ता मक्खलि गोसाल हा बुद्ध व महावीर यांचा समकालीन. बुद्धनिर्वाणाची रूढ कालगणना धरल्यास तो इ. स. पू. सहाव्या-पाचव्या शतकांत येतो. निर्वाण अलीकडे ओढणारे अभ्यासक त्याला पाचव्या शतकातच ठेवतात. नियतीची कल्पना मात्र त्याची एकट्याची नसावी. श्वेताश्वतर उपनिषदात जगत्कारणांच्या यादीत काल, स्वभाव, यदृच्छा यांच्याबरोबर ‘नियति’ही आली आहे.

आजीवकांचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत. जे कळते ते प्रतिपक्षाच्या तोंडून, मुख्यतः बौद्धांच्या दीघनिकाय या पाली ग्रंथातील सामञ्ञफलसुत्त आणि जैनांचे भगवतीसूत्र व उपासकदशा यांतून. सामञ्ञफलसुत्तात गोसालाच्या तोंडी ‘नत्थि अत्तकारे, नत्थि परकारे, नत्थि पुरिसकारे’ (स्वतःचे कर्तृत्व नाही, दुसऱ्याचे नाही, पुरुषप्रयत्नही नाही) अशी वाक्ये आहेत. फेकलेली सुताची गुंडी जशी सूत संपेपर्यंतच उलगडते, तसे मूर्ख आणि पंडित दोघेही चौऱ्याऐंशी लक्ष महाकल्प फिरून दुःखाचा अंत करतील, असे तेथे म्हटले आहे. या सुत्ताच्या इतर संप्रदायांतील पाठांत कोणते मत कोणत्या आचार्याचे, याविषयी एकवाक्यता नाही. त्यामुळे पाली पाठच प्रमाण धरणे धाडसाचे ठरेल. तरीही जैन ग्रंथ स्वतंत्रपणे नियतीच गोसालाच्या माथी मारतात, तेव्हा निदान गाभा त्याचा असावा.

याच सुत्तात प्राण्यांच्या अधःपतनाला वा शुद्धीला ‘हेतू नाही, प्रत्यय नाही’, म्हणजे कोणतेच कारण नाही, असेही म्हटले आहे. म्हणून हा कार्यकारणाच्या साखळीवर उभा असलेला पाश्चात्त्य धर्तीचा नियतत्ववाद नव्हे. शेवट ठरलेला, पण तो घडवणारे कारण मात्र नाही, अशी ही मांडणी आहे. दोन्हींची सरमिसळ आधुनिक लेखनात वारंवार होते.

नैतिक जबाबदारीचा प्रश्न सर्वांत नेमका येतो तो उपासकदशेच्या सातव्या अध्ययनात. पोलासपूरचा सद्दालपुत्त हा आजीवक कुंभार मडकी उन्हात वाळत घालत असता महावीर विचारतात, ही कशी झाली? माती पाण्यात कालवली, तीत राख व शेण मिसळले, मग चाकावर चढवली, असे तो सांगतो. हे प्रयत्नाने झाले की प्रयत्नावाचून? ‘प्रयत्नावाचून, सर्व काही नियत आहे.’ मग कोणी तुझी मडकी चोरली वा फोडली, किंवा तुझी बायको अग्गिमित्ता हिच्यावर हात टाकला तर? सद्दालपुत्त म्हणतो, त्याला शिव्या देईन, बांधून मारीन, जीवही घेईन. पण नियतीच सारे करत असेल तर त्या माणसाचा अपराध कोणता, असा महावीरांचा सवाल आहे, आणि त्यावर कुंभार मत बदलतो.

काटेकोर पाहता या युक्तिवादाने नियतिवाद खोटा ठरत नाही. तो मानणाऱ्याला तसे वागता येत नाही, एवढेच दिसते. कुंभाराला ‘माझा रागही नियतच’ असे उत्तर देता आले असते. संतापासारख्या प्रतिक्रियांचा हाच धागा ब्रिटिश तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ मध्ये उलट दिशेने ओढला : नियतत्ववाद खरा असो वा नसो, या प्रतिक्रिया मानवी व्यवहारातून काढून टाकता येत नाहीत.

कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांचीही यातून सहज सुटका नाही. पूर्वकर्मच आजची बुद्धी ठरवत असेल तर दोष कोणाला द्यायचा? गीतारहस्यात (१९१५) टिळकांनी ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे स्वतंत्र प्रकरण याच अडचणीसाठी खर्ची घातले.

सारे नियत मानूनही आजीवक उग्र तप करीत. हे ढोंग असल्याचे प्रतिपक्ष सुचवतो. तपदेखील नियतीचाच भाग मानला जात असावा, हे आजीवकांचे अभ्यासक ए. एल. बॅशम यांचे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. अशोकाने बराबर टेकडीतील व त्याचा नातू दशरथ याने नागार्जुनी टेकडीतील लेणी आजीवकांना दिल्याचे लेख आहेत. दक्षिणेत तमिळ वाङ्मयात त्यांचे उल्लेख बऱ्याच नंतरपर्यंत, बहुधा चौदाव्या शतकापर्यंत, सापडतात.