दंड कुणी कुणाला करायचा?

मराठी शाळेतल्या मुलांच्या हाती हिंदीचं पुस्तक पडतं, तेव्हा कधी ना कधी ‘उन्होंने काशी में शिक्षा पाई’ अशा धाटणीचं एखादं वाक्य येतंच. वर्गात खसखस पिकते. काशीला जाऊन शिक्षा भोगण्याजोगं त्या सद्गृहस्थांनी केलं तरी काय होतं?

गंमत अशी की या बाबतीत आपण एकटे नाही. हिंदी, बंगाली, ओडिया, असमिया या भाषांत ‘शिक्षा’ म्हणजे शिकणं-शिकवणं. मराठी ओलांडून दक्षिणेकडे गेलं की कन्नडमधला ‘शिक्षे’, तेलुगूतला ‘शिक्ष’ आणि मल्याळममधला ‘शिक्षा’ हे तिन्ही शब्द आपल्यासारखेच गुन्ह्यानंतर येतात. एकाच संस्कृत शब्दाने नकाशावर दोन संसार थाटलेत. म्हणूनच 2020 साली दिल्लीतल्या मनुष्यबळ विकास खात्याचं नाव हिंदीत ‘शिक्षा मंत्रालय’ झालं, तरी मराठी वर्तमानपत्रांनी ‘शिक्षण मंत्रालय’ असंच छापलं. बरं केलं.

मुळात या शब्दात वेदना नाहीच. ‘पिपासा’ म्हणजे पिण्याची इच्छा, ‘जिज्ञासा’ म्हणजे जाणण्याची इच्छा. त्याच साच्यातून ‘शक्’ या धातूपासून ‘शिक्ष्’ घडला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट जमावी, तेवढी शक्ती अंगी यावी, ही इच्छा. वेदांच्या अभ्यासाला पूरक अशा सहा शास्त्रांतलं, म्हणजे वेदांगांतलं, ‘शिक्षा’ हे तर निव्वळ उच्चारशास्त्र. स्वर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, याचं.

मग मारकुटेपणा आला कुठून? तो काही मराठीने आपल्या मनाने घुसडलेला नाही. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या प्राचीन ग्रंथात, एक छोटं दृश्य आहे: उदात्त (चढा) स्वर म्हणायचा तिथे विद्यार्थी अनुदात्त (खालचा) म्हणतो आणि खण्डिकोपाध्याय हा शिक्षक त्याला चपेटा देतो, ‘तू भलतंच करतोयस’ म्हणून. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा वर्ग, विषय उच्चारांचा आणि गालावर चापट. दोन्ही अर्थांच्या ‘शिक्षा’ एका वाक्यात! शब्दाचा अर्थ सरकतो तो असाच. दोन गोष्टी वारंवार जोडीने घडत राहिल्या की एकीचं नाव दुसरीला चिकटतं, आणि पुढे पहिली बाजूला झाली तरी नाव दुसरीकडेच राहतं. आजही ‘थांब, चांगलाच धडा शिकवतो तुला’ असं म्हणणारा माणूस पुस्तक उघडत नाही.

एकाच शब्दाचं असं झालं असतं तर अपघात म्हणून सोडून देता आलं असतं. पण ‘शास्’ या धातूचीही तीच कथा. शिष्य त्याच्यातून आला, शास्त्र त्याच्यातून आलं. ‘अथ योगानुशासनम्’ या योगसूत्रातल्या पहिल्या सूत्रात अनुशासन म्हणजे परंपरेने आलेला उपदेश. मराठीत मात्र ‘शासन’ म्हणजे एकीकडे मंत्रालयाच्या पाटीवरचं सरकार आणि दुसरीकडे ‘नराधमाला कडक शासन झालंच पाहिजे’ या मागणीतली सजा. बंगालीत तर शिक्षेला ‘शास्ति’च म्हणतात, त्याच धातूचं लेकरू.

‘दंड’ उलट दिशेने आला. तो आधी वस्तू होता. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात गाई हाकायच्या काठ्यांना ‘दण्ड’ म्हटलंय. पुढे काठी राजाच्या हातात गेली आणि गुराऐवजी माणूस हाकू लागली. व्युत्पत्ती सांगणाऱ्यांना हे फार साधं वाटलं असावं. वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या ‘निरुक्त’ या ग्रंथात औपमन्यव नावाच्या आचार्याचं मत दिलंय की ‘दमन’ करतो म्हणून दंड. ‘गौतम धर्मसूत्र’ हा आचारधर्माचा प्राचीन ग्रंथही तेच म्हणतो आणि पुढे जोडतो: म्हणून ज्यांना स्वतःला आवरता येत नाही, त्यांना राजाने दंडाने आवरावं. आजचं भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मानत नाही. मला मात्र ती चुकीची असूनही शहाणी वाटते, कारण शिक्षा आणि आत्मसंयम एकाच कामाच्या दोन पाळ्या आहेत, हे तिने बरोबर हेरलंय.

मनुस्मृतीत हे डोळ्यांना दिसतं. आठव्या अध्यायात राजाने वापरायच्या शिक्षा चढत्या क्रमाने येतात: आधी वाग्दंड म्हणजे शब्दांनी कानउघाडणी, मग धिग्दंड म्हणजे धिक्कार, मग धनदंड आणि शेवटी वधदंड. बाराव्या अध्यायात पुन्हा ‘वाग्दंड’ भेटतो, पण या वेळी त्याच्या सोबतीला मनोदंड आणि कायदंड आहेत, आणि हे तिन्ही ज्याच्या बुद्धीत ठाण मांडून असतात तो ‘त्रिदंडी’. शब्द तोच, ग्रंथ तोच. आठव्यात वाग्दंड म्हणजे दुसऱ्याला दिलेली तंबी, बाराव्यात स्वतःच्या जिभेवरचा ताबा. काठी फक्त वळली.

मराठीने ही दुहेरी सोय ठेवली नाही. आपल्याकडे दंड बाहेरूनच येतो, आणि तोही पैशात. सिग्नल तोडला, दंड भरला. व्यायामशाळेतल्या दंड-बैठका आणि बाहूचा दंड हे मूळ काठीचे चुलत वंशज, त्यांचा अपराधाशी संबंध नाही (सकाळी साडेपाचला उठवून काढायला लावले तर गोष्ट वेगळी). कायद्याच्या मराठीची त्यामुळे पंचाईत झाली. 1860 च्या ‘भारतीय दंड संहिते’तल्या दंडात फाशीपासून कैदेपर्यंत सगळं येत होतं. मग निव्वळ पैशाच्या दंडाला काय म्हणायचं? त्यासाठी ‘द्रव्यदंड’ वापरावा लागला. 1 जुलै 2024 पासून ती संहिता जाऊन ‘भारतीय न्याय संहिता’ आली, म्हणजे नावातून दंड गेला. आतल्या कलमांतून अर्थातच नाही.

‘निग्रह’ची वाटणी बरोबर उलट झाली. मनूच्या लेखी राजाने चोरांचा निग्रह करायचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मनाचा निग्रह वाऱ्याला धरण्याइतका अवघड आहे. धरणं हाच त्यातला मूळ अर्थ, मग चोर धरा किंवा मन धरा. मराठीने यातलं मन ठेवलं आणि चोर सोडून दिला. ‘पोलिसांनी चोराचा निग्रह केला’ असं कुणी लिहिलं तर आज संपादक भुवया उंचावेल.

‘संयम’ आणि ‘नियम’ यांच्या पोटात ‘यम्’ धातू आहे: आवरून धरणं, लगाम खेचणं. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे आणि मन म्हणजे लगाम. हे रूपक नचिकेता नावाच्या मुलाला समजावतो कोण? खुद्द यम! त्याच्या नावाचा मूळ अर्थ ‘जुळा’ असावा, बहीण यमीचा भाऊ म्हणून, असं अभ्यासक म्हणतात. पण परंपरेने त्याला आवरणारा आणि दंडधर म्हणूनच ओळखलं.

लगामाची ती आठवण मराठीत अजून जिवंत आहे. शब्दाचा अर्थ नीट कळायला कोशापेक्षा त्याच्या शेजारचं क्रियापद बघावं. संयम ‘सुटतो’, ताबाही ‘सुटतो’, जशी हातातून दोरी सुटते. शिस्त सुटत नाही, ती ‘मोडते’ किंवा ‘बिघडते’. शिक्षेच्या बाजूलाही हीच युक्ती चालते. दंड भरायचा, शिक्षा भोगायची, अद्दल मात्र घडते. दंड वसूल करायला पावतीपुस्तक हातात घेतलेला कुणीतरी लागतो, शिक्षा सुनावायला न्यायाधीश किंवा मास्तर लागतो. अद्दल घडायला कुणीच लागत नाही. गाडीवरून पडलो आणि अद्दल घडली, संपलं. ‘दम’ची तर आणखीच सरमिसळ. ‘शमदम’मधला दम संस्कृत, त्यात इंद्रियं माणसाळवणं आहे. ‘जरा दम धर’मधला दम फारसी, तो श्वास.

राहिली शिस्त. तीही फारसी वळणाची. बंदूक रोखून नेम धरणं याला जुन्या मराठीत ‘शिस्त धरणं’ म्हणत. निशाणा साधायला अंग स्थिर ठेवावं लागतं, श्वास रोखावा लागतो; त्यातून नीटनेटकेपणाचा अर्थ आला असावा. आणि नेमकी हीच जोडी ‘नेम’ या शब्दातही आहे, जो ‘नियम’ झिजून झाला. म्हणून एकाच दुपारी एकाच घरात, एकादशीला विसरून पोहे खाल्लेली आजी आणि अंगणात गोट्या खेळणारा नातू, दोघंही चुकचुकत तेच म्हणू शकतात: अरेरे, नेम चुकला.