लहानांना वाचायला शिकवल्याने मोठ्यांचा अभ्यास बुडतो?

‘वरच्या वर्गातली मुलं लहानांना वाचायला शिकवत बसली, की त्यांचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो.’ हा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. पालकांची ही काळजी समजण्यासारखी आहे. वेळ तर जातोच.

पण त्या वेळात काय घडतं ते पाहा. धाकट्याचं बोट ‘सूर्य’वर अडतं. रफार दिसतो ‘य’च्या डोक्यावर, उच्चारात मात्र तो आधी येतो. हे सांगायचं तर मोठ्याला आधी स्वतःला ते नीट उमगावं लागतं. एरवी तो हा शब्द नुसता वाचून पुढे गेला असता. 1982 साली, मुलांनी मुलांना शिकवण्यावरच्या 65 संशोधनांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात शिकणाऱ्यांबरोबर शिकवणाऱ्यांचीही त्या विषयात प्रगती दिसली. माफक, पण दिसली.

अट एकच: आठवड्यातले ठरावीक तास आणि शिक्षकांचं लक्ष. रोज तासन्‌तास जुंपलं तर अभ्यास बुडेलच.

पडताळा घरीही घेता येतो. दोघांकडून आपापल्या इयत्तेचा नवा उतारा एक मिनिट वाचून घ्या, अचूक शब्द मोजा, गोष्ट सांगायला लावा. दोन महिन्यांनी तेवढ्याच कठीण उताऱ्यावर पुन्हा मोजा आणि मोठ्याची वही, गुणही सोबत तपासा.