मॉरिशसमध्ये बी गिळायचं कोणी?

जानेवारी २०२३ मध्ये एका अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की मॉरिशसमधला नामशेष झालेला पक्षी, डोडो, आम्ही परत आणणार. तेव्हापासून ही बातमी नवनवे मथळे लावून फिरते आहे आणि माझ्या फोनवर ती निदान दहा वेळा येऊन गेली. डोडोचा आज हयात असलेला सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे निकोबारी कबूतर. त्याच्या पेशींमध्ये फेरफार करून डोडोची लक्षणं उतरवायची, असा बेत आहे. जमलं तरी जे जन्माला येईल तो डोडोच्या वळणाचा एक नवा पक्षी असेल. ज्या देशात तो सोडायचा, त्या देशाच्या जंगलाची आज काय अवस्था आहे हे मात्र या बातम्यांत कुठेच नसतं.

त्याच मॉरिशसमध्ये गेली पंचवीसेक वर्षं एक वेगळं, संथ काम चालू आहे. त्यातलं मुख्य पात्र एक कासव आहे. मला ते काम डोडोच्या बातमीपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण तो शाळेत शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही मी ऐकला आहे. मॉरिशसमध्ये तंबालाकोक नावाचं झाड आहे. ते आपल्या चिकूच्या आणि मोहाच्या कुळातलं. त्याची कोय दगडासारखी टणक असते. गोष्ट अशी सांगतात की ही कोय डोडोच्या पोटात घासली गेल्याशिवाय रुजायचीच नाही. डोडो संपला आणि झाडाचा वंशही थांबला. गोष्टीचं मूळ १९७७ सालच्या एका शोधनिबंधात आहे. स्टॅन्ली टेंपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहिलं की अशी १३च झाडं उरली आहेत आणि ती सगळी ३०० वर्षांहून जुनी असावीत. त्याने टर्की पक्ष्यांना १७ कोया भरवल्या. ७ पोटातच फुटल्या, १० बाहेर आल्या आणि त्यांतल्या ३ रुजल्या. पण न भरवलेल्या कोया शेजारी लावून तुलना केलीच नव्हती! दोनच वर्षांत मॉरिशसच्या वनखात्याकडून उत्तर आलं: कमी वयाची झाडंही आहेत, आणि कोणत्याही पक्ष्याच्या पोटात न जाता बिया रुजतात. पुढच्या काळात इतरांनीही हेच दाखवलं. तरी ती गोष्ट काही मेली नाही. एक पक्षी, एक झाड आणि दोघांचा एकत्र अंत, हे सांगायला आणि ऐकायला फार गोड आहे ना!

त्या गोष्टीचा तपशील चुकला. तिच्यामागचा प्रश्न मात्र खरा होता, बी गिळायचं कोणी?

मॉरिशस हा हिंदी महासागरातला, विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवरचा छोटा देश. सगळी बेटं धरून क्षेत्रफळ जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर. आपल्याकडचे कित्येक जिल्हे याच्या पाच-सहा पट मोठे आहेत. ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटावर १५९८ साली डच उतरले तेव्हा घनदाट जंगल होतं आणि माणसांची वस्ती नव्हती. डचांनी काळ्या लाकडासाठी आबनूस तोडला. मग फ्रेंच आले, इंग्रज आले आणि जंगलाच्या जागी ऊस आला. १८३४पासून या उसासाठी हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या वर मजूर नेले गेले. कोकणातून आणि साताऱ्याकडून गेलेली आपली माणसंही त्यांत होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात. त्या पिढीच्या घामाचा मला आदर आहे, पण त्या उसाखाली काय गाडलं गेलं तेही सांगायला हवं. चांगल्या अवस्थेतलं मूळचं जंगल आज बेटावर दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे.

लग्नानंतर मॉरिशसला जाऊन आलेली जोडपी फोटो दाखवतात तेव्हा सगळे डोंगर हिरवेगार दिसतात. तो हिरवा रंग फसवा आहे. आपल्याकडे घाणेरी आणि रानमोडी माजली की डोंगर हिरवाच दिसतो, तसंच हे. तिथे ब्राझीलहून आलेला एक छोटा लाल पेरू माजला आहे. लोक हंगामात तो हौसेने तोडायला जातात. त्याची रोपं इतकी दाट उगवतात की खाली देशी झाडाचं रोप शिरूच शकत नाही. शिवाय माणसाने आणलेले उंदीर, रानडुकरं, हरणं आणि माकडं आहेत. माकडं देशी झाडांची फळं कच्ची असतानाच तोडून टाकतात. बी तयार होण्याआधीच खेळ संपतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. इथे जरा सावकाश वाचा.

झाडाची फळं पिकली की बहुतेक आईच्याच बुंध्याशी पडतात. आपल्याला वाटतं, बरं झालं, सावली आहे, पालापाचोळ्याचं खत आहे. प्रत्यक्षात ती त्या जातीसाठी सगळ्यात धोक्याची जागा असते. त्या जातीवर जगणारे किडे, बुरशी, बी कुरतडणारे प्राणी, सगळे आईपाशीच जमलेले असतात. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकाच वावरात वर्षानुवर्षं तेच पीक घेतलं की रोग मातीत घर करतो, म्हणून आपण फेरपालट करतो. गादीवाफ्यात बी दाट पडलं की रोपांना मर लागते. जंगलात फेरपालट करायला कोणी नसतं. तिथे बियांनाच जागा बदलावी लागते.

डॅनियल जॅन्झन या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये हा विचार स्वतंत्रपणे मांडला. कागदावर एक आलेख काढा. आडव्या अक्षावर आईपासूनचं अंतर घ्या. पहिली रेघ पडलेल्या बियांची: बुंध्याशी उंच, आणि दूर जावं तशी उतरत जाणारी. दुसरी रेघ बी जगण्याच्या शक्यतेची: बुंध्याशी शून्याजवळ, आणि दूर जावं तशी चढत जाणारी. प्रत्येक अंतरावर या दोघींचा गुणाकार केला की तिसरी रेघ मिळते, आणि ती टेकडीसारखी असते. टेकडीचा माथा जिथे येतो तिथे नवी झाडं उभी राहतात. तो माथा आईच्या सावलीच्या बाहेर असतो.

आता बी वाहून नेणारा प्राणी या चित्रातून पुसून टाका. पहिली रेघ बुंध्याशी गोळा होते आणि पलीकडे एकदम शून्यावर येते. दुसरी रेघ आहे तिथेच राहते, कारण किडे आणि बुरशी कुठे गेलेली नाहीत. आता जिथे बी आहे तिथे जगणं नाही आणि जिथे जगणं आहे तिथे बी नाही. गुणाकार सगळीकडे शून्याजवळ आणि टेकडी सपाट! झाड उभं असतं, दरवर्षी फुलतं, फळतं, लांबून पाहणाऱ्याला निरोगी दिसतं. पण त्याच्यामागे कोणी नसतं.

मॉरिशसमध्ये मोठ्या बिया गिळणारं कोण होतं? डोडो होता, मोठे पोपट होते, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे महाकाय कासवं होती. मुख्य बेटावर त्यांच्या दोन जाती होत्या. खलाशी ती जिवंत जहाजात भरून नेत, कारण कासव महिनोन्‌महिने अन्नाशिवाय तग धरतं आणि हवं तेव्हा ताजं मांस मिळतं. डोडोची शेवटची खात्रीलायक नोंद १६६२ची. त्यानंतर अर्ध्या-पाऊण शतकात मुख्य बेटावरची कासवंही गेली.

बी वाहण्याच्या कामात कासवाचा हात कोणी धरू शकत नाही. त्याला दात नसतात, चोचीसारख्या जबड्याने तोडलं की गिळलं. त्यामुळे बी सहसा फुटत नाही. पचन अतिशय संथ. पक्ष्याच्या पोटात बी काही मिनिटं किंवा तास राहतं, कासवाच्या पोटात ते आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त राहतं. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. कासवाचा वेग किरकोळ, पण वेळ प्रचंड. गुणाकार पुरेसा होतो.

मॉरिशसची कासवं गेली, तर तेच काम करणारं दुसरं कोणी आणता येईल का? सेशल्समधल्या अल्दाब्रा बेटावर एक महाकाय जात टिकून होती. ती वाचवावी म्हणून १८७४ साली मॉरिशसच्या गव्हर्नरकडे एक विनंतीपत्र गेलं, त्यावर चार्ल्स डार्विनचीही सही होती. पुढे सव्वाशे वर्षांनी, २००० साली, त्या जातीची कासवं मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या ईल ओ एग्रेत या बेटावर आणली गेली. हे बेट म्हणजे २६ हेक्टर, जेमतेम ६५ एकर प्रवाळखडक. तिथे आबनुसाची एक स्थानिक जात आहे. सरपणासाठी ती इतकी तोडली गेली होती की तोडलेल्या भागात तोड थांबल्यावरही नवी रोपं येत नव्हती.

हा आबनूस आपल्या टेंभुर्णीचा सख्खा भाऊ, एकाच प्रजातीतला, म्हणजे 'जीनस'मधला. बिडीचा तेंदूपत्ता येतो तीच टेंभुर्णी. टेंभरं खाल्लेल्यांना आठवेल की पिवळा चिकट गर कितीही चोखला तरी बियांना एक बुळबुळीत थर लागून राहतोच. सावलीत पडलेल्या फळात त्याच गरावर बुरशी चढते. कासवाच्या पोटातून बी येतं ते हा गर सोडून, स्वच्छ होऊन, शेणाच्या गोळ्यात बसून, आईपासून दूर. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पोटातून गेलेल्या बिया जास्त चांगल्या रुजल्या, आणि कासवं हिंडली तिथे, तोडलेल्या भागांतही, आबनुसाची रोपं उभी राहिली.

दुसरा प्रयोग मला याहूनही आवडतो. मुख्य बेटाच्या डोंगरावर जांभळाच्या प्रजातीतलं एक अतिदुर्मीळ झाड आहे, त्याला फणसासारखी खोडालाच फळं लागतात. त्याच्या बिया कासवांना खाऊ घातल्या तर रुजण्याचं प्रमाण कमी झालं. कोणीही म्हणेल, प्रयोग फसला. संशोधकांनी रोपांवर लक्ष ठेवलं. पोटातून आलेल्या बियांची रोपं इतरांपेक्षा उंच झाली, त्यांना पानं जास्त आली आणि किडीचा त्रास कमी झाला. आईजवळची रोपं मात्र वाढीत आणि जगण्यात मागे पडली. आपण रुजलेलं बी मोजून मोकळे होतो. वृक्षारोपणाच्या सरकारी आकड्यांतही किती लावली ते असतं. तीन वर्षांनी किती जगली ते विचारलं की सगळे गप्प.

कासवाचं हे एवढं काम वाचल्यावर एका परिचिताच्या घरी पाहिलेली काचेची पेटी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आत एक चांदणी कासव होतं, 'घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते' म्हणून आणलेलं. ते सारखं काचेवर डोकं आपटत होतं. चांदणी कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते पाळणं गुन्हा आहे. वास्तुशास्त्राच्या नावाने चालणाऱ्या या तस्करीने आपल्या माळरानांवरून किती कासवं उचलली जात असतील! कासवाने समृद्धी येते हे मलाही मान्य आहे, पण ती जंगलाला येते, आणि कासव मोकळं हिंडत असेल तरच येते.

ईल ओ एग्रेतवर मोठं संकट आलं ते २०२०मध्ये. २५ जुलैला वाकाशियो हे मालवाहू जहाज जवळच्याच प्रवाळावर चढलं, ६ ऑगस्टला तेल गळायला लागलं आणि सुमारे हजार टन तेल त्या उथळ, निळ्या पाण्यात गेलं. बेटावरच्या रोपवाटिकेतली दुर्मीळ रोपं आणि काही पक्षी घाईने हलवावे लागले. किनाऱ्यावरच्या लोकांनी वाट न पाहता उसाचं पाचट कापडाच्या लांबच लांब नळ्यांत भरलं आणि तेल अडवायला त्यांचे बांध पाण्यावर सोडले. ज्या उसाने जंगल खाल्लं त्याच उसाचं पाचट त्या दिवशी कामाला आलं.

मुख्य बेटावर काम इतकं सोपं नाही. डुकरं, माकडं आणि माजलेला पेरू असताना नुसती कासवं सोडून भागणारही नाही. आधी कुंपण, मग तण काढणं, मग बाकीचं. तिथे बिया दूर नेणारं मोठं जनावर उरलं आहे ते म्हणजे स्थानिक फळखाऊ वटवाघूळ. लिची आणि आंब्याचं नुकसान करतं म्हणून सरकारने २०१५ आणि २०१६ मध्ये त्याची हजारोंनी कत्तल केली, आणि २०१८मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. बागायतदाराचं नुकसान खरं आहे, झाडांना जाळी लावायला त्याला मदत मिळालीच पाहिजे. पण डोडो आणि कासवं गेल्यावर त्या जंगलाच्या आलेखातली पहिली रेघ थोडीफार लांबवणारं जे उरलं आहे, तेच माणसाने गोळ्या घालून कमी केलं.