आबांची सालदारकी : पार्श्वभूमी

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका घरात या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नुकत्याच गेलेल्या आबांच्या नावाने पहिली घागर भरली जाईल. गावात त्यांचा विषय निघाला की 'लई कष्टाळू माणूस' एवढं बोलून लोक थांबतात. ते खोटं नाही. पण हे कष्ट कोणाच्या शेतात झाले आणि कोणत्या बोलीवर, हे त्यात येत नाही.

जुना भाग थोडक्यात. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कपाशीला सोन्याचा भाव आला, त्याच सुमारास रेल्वे भुसावळपर्यंत पोचली, आणि पुढे भाव उतरले तेव्हा खान्देशातल्या कितीतरी जमिनी सावकारांकडे गेल्या. आबांच्या घराण्यात कधीकाळी जमीन असेल, तर ती त्यांच्या आजोबांच्या आधीच गेलेली होती. वडील दुसऱ्याची जमीन कसत. आबा मिसरूड फुटायच्या आत त्याच औताला लागले.

खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजी ते आखाजी. त्या दिवशी जुना हिशोब मिटतो, नवी बोली होते, उचल दिली जाते. मोबदला म्हणजे ज्वारी, थोडी रोकड, धोतरजोडी, पायातला जोडा. काम पहाटे बैलांच्या वैरणीपासून रात्री पिकाच्या राखणीपर्यंत. आजारपणात खाडा पडला तर तो पुढे भरून द्यायचा.

खरा वाद आहे तो कूळ कायद्याचा. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, ज्या दिवशी जमीन कसणारी कुळं तिची मालक मानली गेली, वाचकांना ठाऊक असेलच. कमी बोललं जातं ते त्यातल्या 'जातीने जमीन कसणे' या व्याख्येबद्दल. मालकाने स्वतः राबायची गरज नाही. त्याच्या देखरेखीखाली मजुरांनी किंवा नोकरांनी राबलं तरी ती त्याचीच कसणूक. मुख्य अट : मजुरी रोख किंवा धान्यात द्यावी, पिकाच्या हिश्श्यात नव्हे. हिस्सा घेणारा कूळ ठरू शकतो. ठरलेली मापं घेणारा मजूर राहतो. दोघांच्या घरी जाते ती ज्वारीच.

आबांच्या वडिलांना खळ्यावर नेमकं काय मिळत होतं, यावर दोन घरं आजही भांडतात. आबांच्या घरचे म्हणतात, रास पडली की चौथा हिस्सा त्यांच्या गाडीत जायचा; पीक बुडालं तर तेही बुडायचे. मालकाच्या घरचे म्हणतात, वर्षाच्या पायल्या ठरलेल्या होत्या, पीक येवो न येवो. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, कारण हिस्सा बंद होऊन मापं सुरू झाली असं दोन्हीकडचे जुने लोक सांगत. मात्र हा बदल कायद्याची कुणकुण लागल्यावरच का झाला, याचं उत्तर मालकाच्या बाजूने कधी आलं नाही. त्या काळात राज्यभर कुळांकडून 'राजीखुशीचे' राजीनामे लिहून घेतले गेले. इथे तर राजीनाम्याचीही गरज पडली नाही. पीकपाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीत, 'रीत' नावाचा रकाना असे, जमीन कोण आणि कशी कसतो हे दाखवणारा. तलाठ्याने तिथे मालकाची खुदकसणूक लावली, आणि वडील कागदावर सालदार झाले. ते तहसीलीत गेले नाहीत. आबा याबद्दल वडिलांना दोष देत नसत. त्याच मालकाकडे ते स्वतः पुढे बरीच वर्षं सालाने राहिले.

१९७२ च्या दुष्काळाने ही घडी विस्कटली. खडी फोडण्याच्या, पाझर तलावाच्या कामांवर मजुरी मिळू लागली, पोरांना सुकडी मिळाली. काम सरकारचं, तिथे मालकाची मर्जी राखायची नव्हती. आबांच्या बायकोने खडीवर मिळवलेल्या पैशातून म्हैस घेतली. घरच्या पुढच्या सगळ्या हिशोबाचं मूळ तिथे आहे, आणि आबांच्या कौतुकात तिचं नाव क्वचितच निघतं. काही वर्षांनी आबांनी साल सोडलं आणि तीन एकर कोरडवाहू घेतली. ज्याच्या नावावर शेती नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण शेतमजुराला तेवढी सूट आहे, तीही याच कूळ कायद्यात. जमीन कसल्याबद्दल मिळाली नाही, ती मजूर म्हणून विकत घ्यावी लागली.

त्या तीन एकरांत कपाशी, कडेने तूर, नंतर बीटी कपाशी आली, बोअर झाली आणि दोन उन्हाळ्यांत आटलीही. दोन्ही मुलगे ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतला गेले, तिथे उधन्यात यंत्रमागावर लागले. आता गावात सालदार मिळत नाही. मिळाला तर वर्षाचे लाखभर मागतो आणि उचल आधी. आबा हे ऐकून खूश होत.

गुडघे गेल्यावर आबांनी शेत निम्म्या बटाईने दिलं. कागद केला नाही, आणि एकाच माणसाला लागोपाठ दुसऱ्या वर्षी शेत दिलं नाही. २०२१ पासून पीकपाहणी मोबाइलवर आली, तेव्हा दर हंगामात नातवाला बांधावर पाठवून नोंद स्वतःच्याच नावाने करून घेतली. शेवटच्या बटाईदाराने, रिकाम्या हाताच्या एका तरुण शेतमजुराने, आणखी एक साल मागितलं होतं. आबांनी नकार दिला. मुलांनीही तोच नियम पुढे चालवायचं ठरवलं आहे.