ग्राफीनयुक्त ऊतकदुरुस्ती आणि प्रतिरक्षा पेशी

हाडातील पोकळी, भाजलेली त्वचा, हृदयाच्या स्नायूवरील व्रण किंवा तुटलेली चेता भरून यावी म्हणून सुचवलेल्या ग्राफीनयुक्त पदार्थांना शरीरातील प्रतिरक्षा पेशी कसा प्रतिसाद देतात, हा या नोंदीचा विषय. या क्षेत्रातील बहुतेक निष्कर्ष काचपात्रात वाढवलेल्या पेशी व उंदीर यांच्यावरील प्रयोगांतून आलेले आहेत.

परिभाषा : शालेय पुस्तकांत ‘पेशी’ व ‘ऊती’, तर कोशवाङ्‌मयात ‘कोशिका’ व ‘ऊतक’ असे शब्द रूढ आहेत. सुश्रुतसंहितेत ‘पेशी’ म्हणजे मांसपेशी, आणि त्यांची संख्या 500 सांगितली आहे. हा घोळ टाळण्यासाठीच परिभाषाकार ‘कोशिका’कडे वळले असावेत. रुग्णालयात सगळेच ‘सेल’ म्हणतात. येथे ‘पेशी’ व ‘ऊतक’ घेतले आहेत. ‘स्कॅफोल्ड’ला (नवे ऊतक वाढावे म्हणून जखमेत ठेवलेल्या आधाराच्या सांगाड्याला) ‘मचाण’ असा प्रतिशब्द काही जण देतात. पण रंगकाम चाललेल्या कुठल्याही चाळीसमोर बांबूची परांची पाहिलेल्या मुंबईकराला ‘परांची’ हाच शब्द चपखल वाटेल. तिच्या आधाराने काम होते आणि ते संपले की ती उतरवली जाते. शरीरात ती कोणी उतरवायची, हा प्रश्न पुढे येईलच.

ग्राफीनचा शोध : ग्राफीन म्हणजे षट्‌कोनी जाळीत बसलेल्या कार्बन अणूंचा एक अणू जाडीचा पापुद्रा, दोन शेजारी अणूंतील अंतर सुमारे 0.142 नॅनोमीटर. हा पापुद्रा सुटा करून त्याचे गुणधर्म मोजल्याचे श्रेय मँचेस्टर येथील आंद्रे गाईम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांना दिले जाते (2004, नोबेल पारितोषिक 2010). मात्र ‘पहिला कोण’ याचे उत्तर इतके सरळ नाही. बेंजामिन ब्रॉडी यांनी 1859 मध्ये ग्रॅफाइटचे तीव्र ऑक्सिडीकरण करून मिळालेल्या पदार्थाला कार्बनचे नवे रूप समजून ‘ग्राफॉन’ असे नाव दिले होते. आज तो ग्रॅफाइट ऑक्साइड म्हणून ओळखला जातो. हान्स-पेटर बोम यांनी 1962 मध्ये अतिशय पातळ कार्बन पापुद्र्यांचे वर्णन केले आणि 1986 मध्ये सहकाऱ्यांसह ‘ग्राफीन’ ही संज्ञा सुचवली. भौतिकीच्या दृष्टीने 2004 हे वर्ष योग्यच. पण वैद्यकात वापरला जाणारा पदार्थ बहुतांशी ग्राफीन ऑक्साइड असल्यामुळे येथे ब्रॉडींपासून सुरुवात करणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याच्या निर्मितीची आजची रीत मुख्यतः हमर्स व ऑफमन यांच्या 1958 मधील कृतीवर बेतलेली आहे.

ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यावर हायड्रॉक्सिल, इपॉक्साइड व कार्बॉक्सिल गट असतात, म्हणून तो पाण्यात पसरतो. त्याचे विरळ मिश्रण इराणी हॉटेलातल्या कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसते. त्यातील ऑक्सिजन काढला की ते काळे पडते आणि पापुद्रे एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. कोरडे ग्राफीन ऑक्साइड हवेतील ओलावा शोषते व थरांमधील अंतर वाढते. मुंबईत जुलै महिन्यात बाटली उघडून तोललेला एक मिलिग्रॅम त्यामुळे खरोखरच एक मिलिग्रॅम असेल असे नाही. पेशींना दिलेली मात्रा तिथेच चुकते.

प्रतिसादाचा क्रम : पदार्थ शरीरात शिरताच काही क्षणांत रक्तद्रवातील प्रथिने त्यावर चिकटतात. पेशींना दिसते ते हे प्रथिनांचे वेष्टन. उघडे ग्राफीन त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. प्रथम न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) येतात, पाठोपाठ रक्तातील मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येऊन त्यांच्या मॅक्रोफेज (परके कण गिळणाऱ्या) पेशी होतात. परकी वस्तू पचली नाही तर अनेक मॅक्रोफेज एकत्र मिसळून महाकाय पेशी बनतात आणि वस्तूभोवती तंतुमय आवरण तयार होते. वस्तू तशीच राहते. तिचा ऊतकाशी संबंध मात्र तुटतो.

पापुद्र्याचा आकार येथे निर्णायक ठरतो. एक मायक्रोमीटरहून लहान तुकडे मॅक्रोफेज गिळते. काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाभोवती काळे ठिपके दिसू लागतात. मोठे तुकडे पेशीच्या पटलावर पसरून राहतात, टोलसदृश ग्राही (परके रेणू ओळखणारी पेशीतील प्रथिने) चेतवतात आणि दाह (इन्फ्लमेशन) वाढतो, असे उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांत आढळले आहे.

दुरुस्तीसाठी दाह मुळीच नको असे समजणे चूक आहे. सुरुवातीचा दाह साफसफाई करतो; तो वेळेवर ओसरला तरच नवे ऊतक धरते. हे समजावण्यासाठी ‘एम-1’ (दाहक) आणि ‘एम-2’ (दुरुस्तीकारक) अशी मॅक्रोफेजची विभागणी 2000 पासून रूढ आहे. ती मुळात उंदरांच्या दोन जातींतील फरकावरून आलेली असल्याने माणसाच्या पेशींना ती नेमकी लागू होत नाही. अनेक संशोधकांनी 2014 मध्ये एकत्रितपणे सुचवल्याप्रमाणे पेशी कोणत्या उद्दीपकाने चेतवली ते सांगणे अधिक विश्वसनीय. तरीही ग्राफीनवरील लेखांत ‘एम-2कडे झुकाव’ हा वाक्प्रचार सैलपणे वापरला जातो. टी व बी पेशींवरील (विशिष्ट परके घटक ओळखणाऱ्या प्रतिरक्षा पेशींवरील) काम तुलनेने थोडे आहे.

अंतर्विषाचा वाद : दाह ग्राफीनमुळे होतो की त्यावर चिकटलेल्या अंतर्विषामुळे, ही या विषयातील सर्वांत अवघड गाठ. ग्रॅम-ऋण (ग्रॅम रंगपरीक्षेत जांभळा रंग न धरणाऱ्या) जीवाणूंच्या बाह्य भित्तीतील अंतर्विष (एंडोटॉक्सिन) पाण्यात, काचसामानावर, सर्वत्र असते आणि त्याच्या अत्यल्प मात्रेनेही मॅक्रोफेज टीएनएफ-अल्फा हे दाह चेतवणारे प्रथिन स्रवतात. ग्राफीनचा विस्तीर्ण पृष्ठभाग ते सहज धरून ठेवतो. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेच्या निर्जंतुकपात्रात) 121° से. वर जीवाणू मरतात, अंतर्विष उरते. ते नष्ट करायला सुमारे 250° से. कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. पण त्या तापमानाला ग्राफीन ऑक्साइडचाच ऑक्सिजन निघून जातो आणि तपासायचा पदार्थ बदलतो. मोजमापही सोपे नाही. नेहमीची चाचणी हॉर्सशू खेकड्याच्या रक्तातील अर्कावर चालते आणि गढूळपणा किंवा पिवळा रंग वाचते (याच कुळातील जाती भारतात ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर सापडतात). ग्राफीनचा स्वतःचा रंग त्या वाचनात ढवळाढवळ करतो. म्हणून मानवी मॅक्रोफेजच्या टीएनएफ स्रावावरच आधारलेली, पॉलिमिक्सिन-बी (अंतर्विषाला बांधून निष्प्रभ करणारे प्रतिजैविक) वापरून अंतर्विषाचा वाटा वेगळा काढणारी चाचणी 2016 मध्ये मांडली गेली. अशी तपासणी न नोंदवता ‘ग्राफीनमुळे दाह’ असे म्हणणारे जुने निष्कर्ष जपूनच घ्यावे लागतात.

विघटन : न्यूट्रोफिलमधील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने ग्राफीन ऑक्साइड तोडू शकते, असे 2015 मध्ये दाखवले गेले. पाण्यात नीट पसरलेले पापुद्रे तुटतात, गोळा झालेले फारसे तुटत नाहीत. परांची उतरवणारे मजूर शरीरात आहेत, एवढे यावरून म्हणता येते.

मानवातील पुरावा : अतिशुद्ध ग्राफीन ऑक्साइड 14 स्वयंसेवकांना नियंत्रित मात्रेत हुंगवल्याचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात लगेच दिसणारे गंभीर अपाय आढळले नाहीत. तो श्वसनासंबंधी होता. रोपणाला त्याचा आधार घेता येत नाही.

मुंबई आणि प्रतिरक्षा पेशी : परक्या वस्तूभोवती पेशी जमतात हे इल्या मेचनिकोव्ह यांनी 1882 मध्ये मेसिना येथे, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिले. आजचे रोपणप्रयोग तत्त्वतः त्या काट्याचेच वंशज आहेत. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन प्लेगच्या साथीमुळे 1896 मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस त्यांनी 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली व 1925 पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. पवईची आयआयटी व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या कर्करोगावरील ‘कार-टी’ उपचाराला 2023 मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून वापरतात.

भारतात रोपणयोग्य साधने वैद्यकीय उपकरणे नियम, 2017 खाली येतात. नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी 2019 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे निघाली. जळिताच्या रुग्णांसाठी परांचीसारखाच तात्पुरता आधार म्हणून शीव व ऐरोली येथील त्वचापेढ्यांत मरणोत्तर दान केलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवतात. ती जखमेवर लावल्यावर कायमची टिकत नाही. काही आठवड्यांत शरीर ती टाकून देते. तोवर जखम झाकलेली राहते आणि रुग्णाची स्वतःची त्वचा बसवायला खालचा थर तयार होतो.