मोटारसायकल प्रवासवर्णन

मोटारसायकल प्रवासवर्णन : मोटारसायकलवरून केलेल्या लांब पल्ल्याच्या प्रवासावरचे लेखन. हा प्रवासवर्णनाचाच एक पोटप्रकार. पण त्याची घडण वाहनाने ठरवलेली आहे. आगगाडीत सहप्रवासी भेटतात, डबे उघडतात, गप्पा रंगतात आणि लेखकाला आयता मजकूर मिळतो. मोटारसायकलवर वाऱ्याचा आवाज एवढा असतो की मागे बसलेल्याशीही धड बोलता येत नाही. त्यामुळे या पुस्तकांत मुख्यतः दोन गोष्टी सापडतात : हेल्मेटच्या आत स्वतःशीच चाललेले बोलणे आणि गाडी थांबल्यावर भेटलेली माणसे. गाडी पुष्कळदा बंद पडल्यामुळेच थांबलेली असते, हे वेगळे सांगायला नको.

आरंभीच्या प्रवाशांपैकी कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी या अमेरिकन तरुणाने १९१२-१३ मध्ये हेंडरसन गाडीवरून जगाची फेरी केली. त्यानंतरचे ठळक नाव रॉबर्ट एडिसन फुल्टन (धाकटे) यांचे. वास्तुशास्त्र शिकलेल्या या अमेरिकनाने १९३२ साली लंडनमध्ये एका जेवणाच्या टेबलावर सहज बोलून टाकले की आपण घरी मोटारसायकलवरून, जगाला वळसा घालून जाणार. टेबलावर डग्लस मोटारसायकल कंपनीचा माणूस बसला होता. त्याने तिथेच गाडी देऊ केली आणि मग माघार घ्यायची सोय उरली नाही. सुमारे दीड वर्षाच्या त्या प्रवासाचे ‘वन मॅन कॅराव्हॅन’ हे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. त्यातला मिश्कीलपणा अजून टवटवीत आहे.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे रॉबर्ट पिरसिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४). १२१ प्रकाशकांनी नाकारल्यावर ते छापले गेले. पिरसिग यांनी काही काळ बनारस हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. पुस्तकाचा कणा १९६८ चा : मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत होंडावर स्वतः पिरसिग, मागच्या सीटवर अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस. पुस्तक अर्धेअधिक तत्त्वचिंतन आहे आणि मधली काही प्रकरणे रेटून वाचावी लागतात, हे कबूल केलेले बरे. पण गाडीशी संबंधित प्रसंग विसरता येत नाहीत. बरोबर दुसऱ्या गाडीवर निघालेल्या सोबत्याच्या नव्या बीएमडब्ल्यूचे हँडल ढिले होते. पिरसिग सुचवतात की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत सारली की काम झाले. आपल्याकडचा कोणताही मिस्त्री हे बोलण्याआधी करून मोकळा झाला असता. सोबत्याला मात्र तो अपमान वाटतो : एवढ्या महागाच्या जर्मन गाडीला बिअरचा डबा! पिरसिग यांच्या मनात नंतर येते की पट्टी गुपचूप कापून, वरची छपाई पुसून, जर्मनीहून खास आलेला माल म्हणून दिली असती तर गडी खूश झाला असता. दुसऱ्या एका प्रसंगात रेडिओ मोठ्याने लावून काम करणारी गॅरेजमधली पोरे इंजिनाची वाट लावतात. मूळ दोष तेल पुरवणाऱ्या भागातली एक स्वस्त पिन तुटण्याचा निघतो. हातातल्या कामाकडे लक्ष असणे म्हणजे काय, हा पुस्तकाचा प्रश्न या दोन ठिकाणी जेवढा स्वच्छ कळतो तेवढा चिंतनाच्या पानांत कळत नाही.

टेड सायमन यांचे ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ (१९७९) हे प्रवासवर्णन म्हणून त्याहून सरस. हे पत्रकार गाडी चालवायला शिकले तेच निघण्याच्या थोडे आधी. १९७३ ते १९७७ या काळात त्यांनी ५०० सीसीच्या ट्रायम्फवरून आफ्रिका, दक्षिण व उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आशिया पालथे घातले. अंतर सुमारे १ लाख किलोमीटर. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी ते लंडनहून निघाले आणि त्याच दिवशी इजिप्त, सीरिया आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटले. त्यांची वाट इजिप्तमधूनच जाणार होती. पुढे ब्राझीलमध्ये संशयावरून त्यांना तुरुंगाची हवाही खावी लागली. मराठी वाचकाला इथे वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतील : दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेकडे निघालेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडलेले. एकाकडे ट्रायम्फ, दुसऱ्याच्या खांद्यावर गंगेची कावड. पण आपण न मागितलेल्या घटनेकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची रीत दोघांचीही सारखीच. पुस्तकाच्या नावातला ज्युपिटर भारतातला आहे. इथल्या एका भविष्यवेत्त्याने सायमन यांना ‘तू गुरू आहेस’ असे सांगितले, तो ग्रह या अर्थाने. मराठीत या वाक्याला आणखी एक अर्थ फुकट मिळतो. २००१ मध्ये वयाच्या सत्तरीला टेकलेले सायमन पुन्हा त्याच वाटेने निघाले. त्यावरचे नंतरचे पुस्तक अधिक उदास आहे आणि पहिले वाचल्यावरच हाती घ्यावे.

चे गेव्हारा यांची ‘मोटरसायकल डायरीज’ या नावाने प्रसिद्ध असलेली वही या यादीत थोडी फसवी आहे. १९५२ च्या या प्रवासातली जुनी नॉर्टन चिलीतच कायमची बसली. पुढची वाट चे आणि आल्बेर्तो ग्रानादो यांनी पायी, ट्रकवर आणि तराफ्यावर कापली. मूळ स्पॅनिश शीर्षकात मोटारसायकल नाहीच, ‘प्रवासाच्या नोंदी’ एवढेच आहे. तरी पुस्तक वाचावे, कारण गाडी गेल्यावरच या दोघांना खाणकामगार आणि कुष्ठरोगी जवळून दिसतात.

स्त्रियांची पुस्तके मात्र उशिरा आली. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन यांनी १९३४-३५ मध्ये साइडकार आणि मागे गाडा जोडलेल्या पँथर मोटारसायकलवरून लंडन ते केपटाउन गाठले. सहाराही होकायंत्राशिवाय ओलांडला. वॉलक यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २००१ साली निघाले. एल्स्पेथ बियर्ड यांचा बीएमडब्ल्यूवरचा जगप्रवास १९८२ ते १९८४ चा, ‘लोन रायडर’ २०१७ चे. सिडनीत त्यांनी सामानाच्या पेट्या ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून स्वतः बनवल्या. थायलंडमध्ये कुत्रा आडवा येऊन बियर्ड पडल्या आणि एका गरीब कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली. इतक्या वर्षांनी लिहिताना त्यांनी स्वतःला वीरांगना करून घेतलेले नाही, ही त्या पुस्तकाची जमेची बाजू.

अलीकडे प्रायोजक, कॅमेरे आणि मदतीच्या मोटारींसह केलेल्या सफरींवरची पुस्तकेही खपतात. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बुअरमन या अभिनेत्यांच्या ‘लाँग वे राउंड’मुळे (२००४) या छंदाकडे पुष्कळ लोक वळले, वाचायला मजेदार, पण मागून मदत येणार हे ठाऊक असल्याने पंक्चरची भीती वाटत नाही. रोज किती किलोमीटर आणि किती लिटर एवढेच लिहिणारी पुस्तके खुशाल वगळावीत. शोकातून निघालेले हवे असेल तर नील पिअर्ट यांचे ‘घोस्ट रायडर’ (२००२) : मुलगी आणि पत्नी वर्षभरात गेल्यावर हा रॉक वादक घर सोडून हजारो मैल गाडी चालवत राहिला.

नव्याने वाचणाऱ्याने सुरुवात सायमन यांच्यापासून करावी, पिरसिग दुसऱ्या खेपेला. इंग्रजी फार जड नको असेल तर लोइस प्राइस. त्यांच्या इराणवरच्या ‘रेव्होल्यूशनरी राइड’ची (२०१७) सुरुवातच गाडीला लावलेल्या चिठ्ठीने होते. ब्रिटन आणि इराण यांचे संबंध विकोपाला गेले असताना लंडनमध्ये इराणी वकिलातीजवळ त्यांनी गाडी लावली होती. परत येऊन पाहतात तर कुण्या अनोळखी इराण्याने लिहून ठेवलेले : माझ्या देशात या, माझे शिराज पाहा.